दुपदरी बाही

भिकन धुडकू पाटील याला सुरतेतल्या बमरोलीच्या चाळीत सगळे 'इमानवाला' म्हणत. त्यात मान चिमूटभर आणि चेष्टा मूठभर. कारण विमानाशी भिकनचा संबंध एवढाच, की ते उतरायच्या आधी धावपट्टीवरच्या म्हशी हाकलायच्या, कुत्री पळवायची, खडे वेचायचे आणि पावसाळ्यात कडेचं गवत कापायचं. चाळीतले बाकीचे पुरुष लूमवर, नाहीतर पांडेसराच्या डाइंगमध्ये. ते हातापायांवर रंगाचे डाग घेऊन घरी येत. भिकन मात्र समुद्राचा वारा खाऊन, गळ्यात शिट्टी अडकवून, सायकलवरून ऐटीत येई. मग लोक चेष्टा करणार नाहीत तर काय करतील!

पण ती नोकरी त्याला सुखासुखी मिळाली नव्हती. पारोळ्याकडच्या गावातून एकोणिसाव्या वर्षी तो सुरतेला आला आणि आठ वर्षं लूमवर उभा राहिला. बारा बारा तास तो खडखडाट. डाव्या कानात आधी शिट्टी वाजायला लागली, मग ठणका सुरू झाला. कानाच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, की लूम सोड, नाहीतर हा कान जाईल. भिकनने लूम सोडला. हर्षदभाई नावाचा एक ठेकेदार डुमसच्या वाटेवरच्या छोट्या धावपट्टीला मजूर पुरवत असे, त्याच्या हाताखाली तो रोजंदारीवर लागला. त्याला नऊ वर्षं झाली. प्लेगच्या साली अर्धी सुरत मिळेल ती गाडी पकडून पळाली, हर्षदभाईची सगळी माणसं पळाली, पण भिकन राहिला. बायकोला, भागीरथीला, त्याने गावी धाडलं आणि स्वतः महिनाभर एकटा धावपट्टी सांभाळत बसला.

ते कुणीतरी लक्षात ठेवलं. शहाण्णव साली धावपट्टीच्या ऑफिसाने ठेकेदाराच्या माणसांतून तीन खलाशी, म्हणजे हरकामे मजूर, कायम करायचे ठरवले, तेव्हा यादीत पहिलं नाव भिकनचं लागलं. एक जूनला ऑर्डर हातात पडायची होती. आता पुन्हा जन्मात लूमचं तोंड बघायचं नाही, या एका गोष्टीवर भिकनचा सगळा जीव टांगलेला होता.

त्याच्या कामांपैकी एक काम म्हशींपेक्षा मोठं होतं. धावपट्टीच्या कडेला एक उंच खांब, आणि त्या खांबाला लावलेली नारिंगी कापडाची लांबलचक नळी. एक तोंड रुंद, दुसरं अरुंद, दोन्ही उघडी. साहेब लोक तिला विंडसॉक म्हणत. भिकनच्या घरी तिचं नाव 'बाही', कारण ती दिसायचीच सदऱ्याच्या बाहीसारखी. वारा आत शिरला की ती फुगायची. वारा जेवढा जोराचा तेवढी ती आडवी ताठ होणार, वारा पडला की लोंबणार. पायलट वरून तिच्याकडे बघून ठरवी, की वारा कुठून आहे, किती आहे आणि कुठल्या बाजूने उतरायचं. वाऱ्याचा जोर मोजायचं एक यंत्रही रेडिओच्या खोलीत होतं, पण ते दिवाळीपासून बंद पडलेलं. दुरुस्तीचं पत्र कुठल्या टेबलावर झोपलं होतं कोण जाणे. त्यामुळे विमान कंपनीचा रेडिओवाला महेश खिडकीतून मान काढून बाहीकडे बघायचा आणि तेच पायलटला सांगायचा. म्हणजे बघा, एवढं एकोणीस जागांचं विमान, आणि सगळा भरवसा एका कापडाच्या नळीवर.

ते कापड खाऱ्या वाऱ्यात टिकत नसे. नवीन मागवलं की महिनोन् महिने येत नसे. शेवटी भिकननेच घरचा उपाय काढला. भागीरथीचा भाऊ वाल्मिक डाइंगमध्ये होता, त्याने नायलॉनचा एक तुकडा नारिंगी रंगवून आणून दिला. भागीरथी दिवसभर साड्यांना फॉल लावायची आणि उरल्या वेळात चाळीतल्या बायकांना गोधड्या शिवून द्यायची. तिचा हात असा, की टाका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते शोधून सापडत नसे. तिने जुन्या बाहीचं माप घेऊन नवी शिवली. ती छान उडाली, पण चार महिन्यांत ती ठिकठिकाणी फाटली. हर्षदभाई वैतागला. दर चार महिन्यांनी ही कटकट नको, वर्षभर टिकेल असं काहीतरी कर, असं त्याने भिकनला ठणकावलं.

भिकन घरी आला आणि बायकोला म्हणाला, की या खेपेला दुपदरी कर, दोन्ही पदर गोधडीसारखे धावदोऱ्याने धरून टाक, म्हणजे वारा काय वाऱ्याचा बाप आला तरी फाटणार नाही. भागीरथीने कापडाचे दोन पदर एकावर एक ठेवले, हातावर लोंबते धरले, खालून फुंकर मारली आणि मान हलवली.

"दुपदरी जड व्हई," ती म्हणाली. "वाराले हालाव नही. एकेरीच ठेवा."

भिकनला राग आला. आठ वर्षं कापड विणलेल्या माणसाला बायको कापड शिकवणार? आपलं काम टिकाऊ करायचं, तू फक्त शिव, असं त्याने तिला सुनावलं. आठ दिवस बसून तिने दुपदरी बाही शिवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाबोटाच्या अंतरावर धावदोरे घातले. मार्चच्या सुरुवातीला भिकनने ती खांबावर चढवली. हर्षदभाईने खाली उभं राहून शाबासकी दिली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण मारुती झालाय हे अडीच महिने कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याकडे रोज बघत सगळेच होते, पण हात लावून कुणी पाहिलं नव्हतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. भावनगरहून येणारं संध्याकाळचं विमान चारच्या सुमाराला समुद्रावर दिसलं. त्या दिवशी दुपारपासूनच समुद्राकडून वारा सुटला होता. भिकनने म्हशी हाकलल्या, सायकलवरून धावपट्टीला शेवटची फेरी मारली आणि तो शहराकडच्या टोकाला, कुंपणाजवळ, शिट्टी हातात घेऊन उभा राहिला. वारा समुद्राकडून जोराचा असला, की विमानाने शहराच्या अंगाला वळसा घालून वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं, ही रीत त्यालाही पाठ झालेली होती. वारा किरकोळ असला तर मात्र पायलट वळसा वाचवून समुद्राकडून सरळच खाली येई. त्या दिवशी महेशने खिडकीतून पाहिलं, बाही अर्धी लोंबत होती. त्याने पायलटला वारा हलका असल्याचं सांगितलं, वरून पायलटलाही तेच दिसलं, आणि विमान सरळ आलं.

विमानाची चाकं टेकेचनात. धावपट्टीच्या वर हातभर तरंगत, पाठीमागून कुणी ढकलत असावं तसं पुढे पुढे येत राहिलं. अर्धी धावपट्टी संपल्यावर चाकं टेकली. ब्रेकचा कर्कश आवाज भिकनच्या दुखऱ्या कानातही घुसला. तो सायकल टाकून बाजूला पळाला. विमानाने धावपट्टी संपवली, कुंपण मोडलं, बाभळीच्या झुडपांतून उड्या मारत गेलं आणि पुढच्या चरात नाक खुपसून थांबलं. मागचा भाग वर राहिला. आतून रडण्याचे आवाज यायला लागले.

भिकन धावला. दार उघडल्यावर पहिला हात त्याचाच आत गेला. चौदा उतारू होते. एका म्हातारीचं गळ्याचं हाड मोडलं होतं, बाकीच्यांना खरचटलं, ठेचलं, पण जीव सगळ्यांचे वाचले. सगळ्यात शेवटी कॅप्टन उतरला. पन्नाशीचा, नेहमी उतरताना भिकनला हात करणारा माणूस. त्याच्या कपाळातून रक्त गळत होतं. त्याने भिकनचा खांदा धरला आणि विचारलं, "हवा कितनी थी, भाई?"

आणि तेव्हा भिकनला कळलं. विमानाकडे धावताना त्याच्या सदऱ्याची मागची बाजू पाठीला चिकटली होती आणि पुढचा पदर फडफडत होता. वारा त्याला ढकलत आणत होता. त्याने मागे वळून पाहिलं, तर डोळ्यांत धूळ गेली. एवढा वारा, आणि लांब खांबावर ती देखणी दुपदरी बाही आजारी माणसाच्या हातासारखी अर्धी खाली लोंबत होती. कॅप्टनला त्याने धरून झुडपाच्या सावलीत बसवलं.

ॲम्ब्युलन्स गेल्या, पोलीस आले, गर्दी हटली. दिवस मावळायच्या आत हर्षदभाईने भिकनला बाजूला घेतलं. तो ठेकेदार होता, मूर्ख नव्हता, बाहीकडे त्याचंही लक्ष गेलं होतं. ती उतरव, जुनी कुठलीतरी चढव आणि गप्प बस, असं तो म्हणाला. भिकन खांबापाशी गेला. दोरी हातात घेतली, हातभर ओढलीही. पण कानात कॅप्टनचा प्रश्न घुमत होता. त्याने दोरी पुन्हा बांधून टाकली आणि हर्षदभाईला सांगितलं, की पोलिसांचा शिपाई बघतोय, आता जमणार नाही. शिपाई लांब चहा पीत बसला होता. चांगलं काम करायलाही भिकनला खोटंच बोलावं लागलं.

बुधवारी सकाळी चौकशीसाठी मुंबईहून रणदिवे नावाचे अधिकारी आले. बारीक चणीचा, कमी बोलणारा माणूस. धावपट्टीवरच्या चाकांच्या काळ्या खुणा त्यांनी टेपने मोजल्या, चरातलं विमान चारी बाजूंनी पाहिलं, महेशचं म्हणणं लिहून घेतलं. दुपारी वारा सुटल्यावर ते बाहीच्या खांबाखाली जाऊन उभे राहिले. खिशातला रुमाल काढून त्यांनी चिमटीत वर धरला. रुमाल आडवा ताठ झाला. वर बाही अर्धी. हाताच्या काकणाला आरसा कशाला! ते बराच वेळ एकदा रुमालाकडे, एकदा बाहीकडे बघत राहिले.

बाही खाली घेतली. रणदिव्यांनी ती उलटी करून पाहिली, धावदोऱ्यांवरून बोट फिरवलं, पदर मोजले आणि ही कुठून आणली, असं विचारलं. हर्षदभाई पुढे सरसावून म्हणाला, की मुंबईहून मागवली.

"मुंबईत गोधडीचे धावदोरे घालून देतात?" रणदिवे म्हणाले. "माझी आई धुळ्याची, साहेब. हा हात मी ओळखतो."

रणदिव्यांनी मान वळवून भिकनकडे पाहिलं. भिकनने आपल्या चपलांकडे पाहिलं. मग ते म्हणाले, की उद्या सकाळी वारा सुटायच्या आत आपण हिची परीक्षा घेऊ. याआधीची एखादी बाही शिल्लक असेल तर तीही आणा, आणि शिवणाऱ्यालाही आणा.

संध्याकाळी निघताना हर्षदभाईने भिकनला गेटपाशी गाठलं. त्याने सगळं ठरवून ठेवलं होतं. आता लपवण्यात अर्थ नाही, पण सांगायचं कसं ते आपल्या हातात आहे. भिकनला शिवणकाम येत नाही. शिवलं बायकोने. ती अडाणी बाई, तिला विमान म्हणजे काय ते ठाऊक नाही, तिच्याकडून चूक झाली. अडाणी बाईला कोण फाशी देणार? ना ती नोकरीत, ना तिला कुणी काढणार. कागदावर तिचं नाव जाईल, ऑफिस पुढच्या वेळी काळजी घेऊ म्हणेल, आणि एक तारखेला भिकनची ऑर्डर निघेल. नाहीतर यादीतलं नाव खोडायला एक पेन पुरतं.

"तारे कंई बोलवानुं नथी," तो भिकनच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "हुं लखावी दईश. तारे खाली सही करवानी."

मजकूर तो लिहवून घेणार, आपण बोलायचं नाही, फक्त सही करायची. किती सोपं! डुमसपासून बमरोलीपर्यंत सायकल मारताना भिकन स्वतःला तेच समजावत राहिला, की यात कुणाचंच नुकसान नाही. पण पायडल मारता मारता फुंकर मारणारी भागीरथी डोळ्यांपुढे येई, आणि त्याला लाज वाटे. ती लाज त्याने नऊ वर्षांच्या हिशोबाखाली, कानाच्या ठणक्याखाली, चाळीतल्या लोकांच्या तोंडाखाली दाबून पाहिली. दबली नाही.

घरी भागीरथी फॉल लावत बसली होती. अपघाताचं तिला चाळीतून कळलंच होतं. भिकनने भिंतीला टेकून सगळं सांगितलं. रुमाल, रणदिवे, हर्षदभाई, सही. सांगताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने सुई चालूच ठेवली. सांगून झाल्यावर ती म्हणाली, की मग द्या लिहून. तिच्या नावाला असं काय सोनं लागलंय? ती कुठे विमानात बसणार आहे? नोकरी राहिली म्हणजे झालं, परत लूमवर गेलात तर कान जाईल. हे ती अगदी सरळ बोलली, टोमणा म्हणून नव्हे. भिकनला टोमणा परवडला असता.

मग तिने दोरा तोडला आणि पहिल्यांदा वर पाहिलं.

"शिवन वाईट व्हतं असं मातर लिखू देऊ नका," ती म्हणाली. "आनि मी तुम्हले सांगेल व्हतं, तेवढं तुम्हले याद शे ना?"

भिकनने मान हलवली. तेवढ्यावर तिचं समाधान झालं. ती उठली, खुंटीला टांगलेली जुनी एकेरी बाही तिने उतरवली. तळाला गाठ मारून तिची पिशवी केली होती आणि तीत गोधडीच्या चिंध्या भरल्या होत्या. चिंध्या ओतून तिने गाठ सोडली आणि फाटल्या ठिकाणी ठिगळं लावायला बसली. भिकन जेवला नाही.

गुरुवारी सकाळी सहाला वारा पडलेला होता. पान हलत नव्हतं. ऑफिसची जुनी जीप धावपट्टीच्या टोकाला उभी होती, ड्रायव्हर लोटू चाकावर, रणदिवे त्याच्या शेजारी. मागच्या बाजूला भिकन उभा, हातात उभा बांबू, बांबूच्या शेंड्याला दुपदरी बाही. युक्ती साधी होती. वारा नाही, तर गाडी पळवायची, म्हणजे गाडीच्या वेगाएवढा वारा बाहीला लागणार. ताशी अठ्ठावीस किलोमीटरच्या वेगाला चांगली बाही ताठ आडवी व्हायला हवी, असं रणदिव्यांनी निघताना सांगितलं. कुठे थोडी झुळूक असली तर तिचा फरक पडू नये म्हणून जाताना आणि येताना, दोन्ही वेळा मोजायचं. भागीरथी पदर डोक्यावरून घेऊन ऑफिसच्या पायरीवर बसली होती, जुनी बाही मांडीवर घडी करून.

जीप निघाली. लोटू मोठ्याने आकडा सांगत होता. वीस. बाही बांबूला चिकटून लोंबत होती. अठ्ठावीस. तिने जेमतेम अंग उचललं, अर्ध्यावर आली आणि तिथेच राहिली, अगदी मंगळवारी होती तशी. भिकनच्या मनात एक वेडी आशा होती, की कदाचित ती आज ताठ होईल, दोष दुसऱ्याच कशाचा निघेल. तो खालून तिच्याकडे बघत मनातल्या मनात तिला ऊठ ऊठ म्हणत होता. चाळीस. अजून तिरकी. पन्नासला जीपचा पत्रा खडखडायला लागला, बांबू त्याच्या तळहातांना सोलत होता. पंचावन्नच्या पुढे काटा गेला तेव्हा कुठे ती दुपदरी बाही आडवी झाली. येतानाही तेच. रणदिव्यांनी वहीत लिहिलं आणि दुसरी बांधायला सांगितली.

ठिगळांची जुनी बाही वीसलाच फुगली. अठ्ठावीसला काठीसारखी ताठ. भिकनने डोळे मिटून घेतले. मंगळवारी ही वर असती तर महेशला खरा वारा दिसला असता, कॅप्टनला दिसला असता, आणि विमान वळसा घालून अलगद उतरलं असतं.

आठ वाजता ऑफिसात जबाब लिहायला बसले. टेबलापलीकडे रणदिवे, बाजूला लिहिणारा कारकून, खुर्चीवर हर्षदभाई, भिकन उभा, दाराशी भागीरथी. हर्षदभाईने भराभर मजकूर सांगितला. भिकन मधूनमधून हो म्हणत गेला. कापड कुठून आलं, हो. खांबावर कधी चढवली, हो. रणदिवे मध्ये पडले नाहीत, फक्त भिकनकडे बघत होते. कारकुनाने शेवटी सगळं हिंदीत वाचून दाखवलं. त्यातलं एक वाक्य असं होतं, की सदर पिशवी खलाशाच्या अशिक्षित पत्नीने, तिच्या उपयोगाची काहीही माहिती नसल्यामुळे, चुकीच्या रीतीने शिवली.

कागद पुढे आला. भिकनने पेन घेतलं. दाराशी भागीरथी खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला कारकुनाची हिंदी कळली होती, सुरतेत कुणाला कळत नाही! भिकनने सहीचं पहिलं अक्षर लिहिलं, 'भि'. पुढे हात चालेना. हर्षदभाई हळूच खाकरला. एक तारीख आठवड्यावर आली होती.

भिकनने पेन खाली ठेवलं.

"साहेब, हाई खोटं शे," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "तिला माहीत होतं. एकटीला तिलाच माहीत होतं. दुपदरी करू नका, वाऱ्याने हलणार नाही, असं तिने मला तोंडावर सांगितलं. मी तिला गप्प केलं. टिकाऊ पाहिजे म्हणून दुपदरी मी करायला लावली. तिच्या टाक्यात काही चूक नाही."

हर्षदभाई उठून उभा राहिला. याचं डोकं ठिकाणावर नाही, रात्रभर झोपला नाही, असं तो सांगायला लागला. रणदिव्यांनी त्याला हाताने बसवलं. दुपदरी बाही काढून ते दाराशी गेले आणि त्यांनी भागीरथीला विचारलं, की बाई, तुम्हाला कसं कळलं होतं?

भागीरथी गोंधळली. असला प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता.

"हातवर धरं आनि फुकं," ती म्हणाली. "हालनं नही."

ऑफिसचे इंजिनियर तपासणीला येऊन गेले होते, महेश रोज बघत होता, कॅप्टन वरून बघत होता, हर्षदभाईने शाबासकी दिली होती. अडीच महिन्यांत कुणी फुंकर मारून पाहिली नव्हती. रणदिवे परत येऊन बसले. त्यांनी भिकनला विचारलं, की हे लिहिलं तर तुमचं काय होईल ते ठाऊक आहे ना? भिकन हो म्हणाला. मग त्यांनी ते वाक्य स्वतःच्या हाताने खोडलं आणि त्याच्या वर लिहिलं, की शिवणाऱ्या स्त्रीने हा दोष आधीच ओळखून खलाशाला सांगितला होता. भिकनने पुन्हा पेन घेतलं आणि 'भि'च्या पुढचं नाव पुरं केलं.

अहवाल पुढे चार महिन्यांनी आला. त्यात सगळा बोजा बाहीवर नव्हता. निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर कॅप्टनने चाकं टेकवायलाच नको होती, विमान पुन्हा वर उचलायला हवं होतं, असंही त्यात होतं. बंद यंत्राचं होतं, ठेकेदाराचं होतं. पण चार महिने थांबायला भिकनला फुरसत नव्हती. एक जूनला तीन ऑर्डरी निघाल्या, त्यात त्याचं नाव नव्हतं, आणि दोन जूनला गेटवरच्या माणसाने त्याला आत सोडलं नाही. शिट्टी परत मागून घेतली. पावसाळा लागला तेव्हा भिकन पांडेसराला लूमवर उभा होता. चाळीने काही दिवस त्याला इमानवाला म्हणून हाक मारली, मग कंटाळून सोडून दिलं. दोन वर्षांत डावा कान गेला. डॉक्टर खोटं बोलला नव्हता.

आणि बाही? चौकशी संपताना रणदिव्यांनी ऑफिसच्या साहेबाला एक गोष्ट लेखी सांगितली होती. नवी येईपर्यंत बाही एकेरी असावी, आणि ती शिवणारी बाई तीच असावी. नवी काही आली नाही. सरकारी कामात एकदा जे तात्पुरतं सुरू झालं, त्याचीच पुढे रीत पडते. दर चार महिन्यांनी धावपट्टीवरून लोटू जीप घेऊन बमरोलीला येतो, नारिंगी कापड ठेवून जातो. त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर 'शिवणारी' म्हणून भागीरथी भिकन पाटील असं नाव असतं, आणि आठवड्याने तो शिवलेली बाही घेऊन जातो.

बाही शिवून झाली, की भागीरथी ती कुणाला देत नाही. भिकन लूमवरून येतो, हातपाय धुतो, तोवर ती थांबते. मग बाही हातावर लोंबती धरून ती त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहते, कारण डाव्या बाजूने त्याला ऐकू येत नाही.

"फुका," ती म्हणते.

भिकन फुंकर मारतो. बाही हलते. तेव्हाच ती घडी करून लोटूसाठी काढून ठेवते.